सहा महिन्यांचं फडकं

वडिलांच्या आजारपणात मी सगळ्यात आधी एक तक्ता केला. न्यूजप्रिंटच्या कोऱ्या पानावर तीन रकाने आखले. पहिल्यावर लिहिलं ‘ऑपरेशन’, दुसऱ्यावर ‘शेक’, तिसऱ्यावर ‘नुसतं लक्ष ठेवणे’. किरणोपचाराला आमच्याकडे शेक म्हणतात. डाव्या कडेला प्रश्न लिहिले : काय करणार, कुठे, किती दिवस, त्रास काय, नंतर काय. परभणीच्या एका दैनिकात मी वीस वर्षं उपसंपादक आहे. लोकांनी लिहून आणलेल्या चार पानांचं अर्ध्या पानात बसवणं हे माझं रोजचं काम. वडिलांच्या फाइलमध्ये तेव्हा सव्वीस कागद होते.

वडील पेडगावच्या शिवारात मेंढरं राखतात. आधार कार्डावर त्यांचं वय एकाहत्तर आहे. आईच्या मते त्यात दोन वर्षांची चूक आहे. कोणत्या बाजूने, ते ती सांगत नाही. कळप आता भावाच्या नावावर आहे. पण आज कळपामागे कोणी जायचं हे ठरवायचा हक्क वडिलांनी सोडलेला नाही, आणि बहुतेक दिवस ते स्वतःचंच नाव ठरवतात.

आजाराची खबर आईने दिली. पोळा झाला होता. फोनवर इकडचं तिकडचं बोलून झाल्यावर ती म्हणाली, “तुजा बाप बांधाबांधाला थांबायलाय.” मेंढपाळ दिवसात किती वेळा लघवीला थांबतो हे कोणी मोजत नाही, रान मोकळं असतं, आडोसा लागत नाही. आईने मोजलं होतं. घरापासून ओढ्यापर्यंत चार बांध आहेत, आणि ते चारही बांधांवर थांबत होते.

पुढचे पाच आठवडे तपासण्यांत गेले. काही परभणीत झाल्या, मोठ्या नांदेडला. रक्तातला पीएसए, जो साधारण चारच्या आत असावा लागतो, तो बारा निघाला. लघवीच्या पिशवीखालच्या ग्रंथीचा, म्हणजे प्रोस्टेटचा तुकडा तपासला, त्यात कॅन्सर होता. अहवालानुसार मधल्या प्रतीचा. फार सुस्त नाही, फार तेज नाही. हाडांच्या स्कॅनमध्ये काही सापडलं नाही. आजार ग्रंथीच्या आतच होता.

नांदेडच्या सर्जननी तीन रस्ते सांगितले. घाई नाही, दोन-तीन आठवडे घ्या, घरात बोला, असंही सांगितलं. मी वहीत लिहून घेत होते. वडील भिंतीवरच्या शरीराच्या चित्राकडे बघत होते. ‘कॅन्सर’ या शब्दानंतर त्यांनी किती ऐकलं, मला सांगता येणार नाही. बाहेर आल्यावर ते एवढंच म्हणाले की त्या चित्रातल्या माणसाला कातडं नव्हतं.

तक्ता त्याच संध्याकाळी केला. पहिला रकाना : ग्रंथी काढून टाकणार, चार-पाच दिवस दवाखाना, आठ-दहा दिवस लघवीची नळी, त्यानंतर काही महिने लघवीवर ताबा कमी, काहींच्या बाबतीत कायम. दुसरा : महिनाभर, आठवड्यातले पाच दिवस, रोज काही मिनिटं मशीनखाली झोपायचं; कापाकापी नाही; लघवी आणि शौचाचा त्रास होऊ शकतो, बहुधा कमी होत जातो. तिसरा : औषध नाही, दर तीन महिन्यांनी रक्त तपासायचं, ठरावीक काळाने पुन्हा तुकडा काढायचा, आजार सरकला तर पहिल्या दोन रकान्यांकडे यायचं. वडिलांच्या बाबतीत तिसऱ्याचा आग्रह आपण धरणार नाही, पण नाहीही म्हणणार नाही, असं सर्जन म्हणाले होते. तेही लिहिलं.

दुसऱ्या रकान्यात आणखी एक गोष्ट यायला हवी होती. शेकासोबत सहा महिन्यांसाठी इंजेक्शन द्यायचं होतं, तीन महिन्यांनी एक, असं दोनदा. ते शरीरातलं पुरुषपणाचं संप्रेरक बंद करतं. ते संप्रेरक बंद झालं की गाठीचं खाणं बंद होतं. त्याबरोबर इच्छा जाते, अंगात अचानक गरम वाफा येतात, छातीवर सूज येऊ शकते, माणूस लवकर थकतो. माझ्या वहीत हे सगळं होतं. तक्त्यात मी लिहिलं : ‘इंजेक्शन. दोन वेळा. गाठ आकसण्यासाठी.’

वाक्यात चूक नव्हती. कोणत्याही संपादकाने ते तसंच सोडलं असतं. वडील सही करतात, पण वाचायला त्यांना वेळ लागतो. तो तक्ता आई मोठ्याने वाचणार होती, आणि ऐकायला भाऊ-भावजय आणि त्यांची पोरं बसणार होती. ती ओळ आईच्या तोंडून ओसरीवर ऐकायची माझी तयारी नव्हती. म्हणून मी ती कापली.

दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी बैठक झाली. आई सातवीपर्यंत शिकलेली आहे आणि कुठलाही कागद बातम्या दिल्यासारखा वाचते. तिने तिन्ही रकाने वाचले. भावाचं मत ऑपरेशनला होतं. एकदा काढून टाकलं की विषय संपला, असं त्याचं म्हणणं. आईने विचारलं की विषय संपेल, पण धोतर भिजलं तर धुणार कोण. त्यावर भाऊ म्हणाला की आजवर कोण धुतंय. वडिलांनी नळीचं विचारलं. नळी घेऊन रानात जाता येतं का. मी नाही म्हटलं. मग लक्ष ठेवण्याच्या रकान्याबद्दल विचारलं. आजारी मेंढराला ते वेगळं बांधतात, हाताने पाला घालतात आणि दोन दिवस नुसतं बघतात; पाणी पितंय का, रवंथ करतंय का. पण ते बघणं रोजचं असतं, ते म्हणाले. तीन महिन्यांतून एकदा बघायचं म्हणजे मेंढरू दुसऱ्याच्या भरवशावर सोडणं.

राहिला शेक. इंजेक्शनाने काय होतं, असं त्यांनी मला विचारलं. मी कागदावर होतं तेच सांगितलं. ते माझ्याकडे गरजेपेक्षा थोडा जास्त वेळ बघत राहिले आणि म्हणाले, “बरं.”

शेक देणाऱ्या डॉक्टरबाई वेगळ्या होत्या. चाळिशीच्या असतील. पुढच्या आठवड्यात त्यांच्याकडे मी आणि वडील दोघंच गेलो. कागद बघून झाल्यावर त्यांनी वडिलांकडे खुर्ची वळवली आणि विचारलं, “आबा, इंजेक्शनाचं सगळं समजलंय ना?”

“समजलंय. गाठ आकसती.”

त्यांनी माझ्याकडे बघितलं. मी फाइलकडे बघितलं. मग त्यांनी, मी कापलेली ओळ होती त्याच क्रमाने, सगळं सांगितलं. साधं, शब्द न चघळता. वडील ऐकत होते. हात गुडघ्यावर होते, पागोटं मांडीवर होतं.

“म्हंजे खच्ची,” ते म्हणाले.

“तसं म्हणता येईल, पण...”

वडील उठले होते. त्यांनी पागोटं डोक्यावर ठेवलं, डॉक्टरबाईंना हात जोडले आणि बाहेर गेले. ‘पण’च्या पुढचं वाक्य खोलीतच राहिलं.

हे समजायला त्यांचं काम माहीत असावं लागतं. पेडगाव आणि आसपासच्या चार-पाच गावांत बोकड, मेंढा खच्ची करायचा असला की लोक वडिलांकडे आणायचे. पूर्वी ते लाकडाने करत, नंतर जनावरांच्या दवाखान्यातल्यासारखा चिमटा त्यांनी घेतला. त्यांच्या हाताखालून किती जनावरं गेली याचा हिशोब त्यांनी ठेवलेला नाही. खच्ची केलेल्या जनावराचं काय होतं हे त्यांना कोणत्याही पुस्तकापेक्षा नेमकं माहीत होतं : वजन चढतं, वास जातो, टकरा थांबतात, आणि ते कधीही परत फिरत नाही. डॉक्टरबाईंचं बोलणं पुढे ऐकायची त्यांना गरज वाटली नाही. या विषयात ते त्यांच्यापेक्षा जुने होते.

गाडीत ते खिडकीकडे तोंड करून बसले. मी पाण्याची बाटली पुढे केली, ती घेतली. पेडगाव येईपर्यंत दुसरं काही घेतलं नाही, दिलं नाही. दुसऱ्या दिवशी पहाटे ते कळपामागे मानवतच्या बाजूला निघून गेले. फोन घरी ठेवला. भाऊ दोन दिवसांआड भाकरी पोचवत होता. दिवाळीलाही ते एकच दिवस घरी आले, अंघोळ केली, जेवले, परत गेले. त्या दिवशी माझ्याशी बोलले ते एवढंच, की करंज्या नरम पडल्यात.

आईला मी फोनवर सगळं सांगितलं. कापलेल्या ओळीसकट.  ती म्हणाली, “मला सांगायला काय झालं व्हतं तुला? मी काय तुज्या ऑफिसातली हाय?”

दिवाळीनंतरच्या सोमवारी मला सुट्टी होती. भावाने मोटारसायकलवरून रानात नेऊन सोडलं आणि तो परत गेला. सोयाबीन निघालेलं रान होतं. हरभरा पेरायच्या आधी मालकाने तिथे कळप बसवून घेतला होता, रानाला खत मिळावं म्हणून. ऊन चढायचं होतं. वडील मोठ्या मेंढ्याला पकडून बसले होते. बाजूला जुन्या छत्रीचं काळं कापड आणि चार दोऱ्या.

मला बघून ते म्हणाले, “पाय धर.”

हे काम दरवर्षी दिवाळीनंतर असतं. त्या दिवसांत मेंढा मोकळा राहिला तर कोकरं ऐन उन्हाळ्यात जन्मतात. रानात पाला नसतो, मेंढ्यांना दूध नसतं, कोकरं जगत नाहीत. म्हणून मेंढ्याच्या पोटाखाली फडकं बांधतात आणि दोऱ्यांच्या गाठी पाठीवर घेतात. मेंढा कळपातच राहतो, चरतो, टकरा घेतो, मेंढ्यांच्या मागे लागतो. पुढचं जमत नाही. मृगाला फडकं सोडतात. मी नऊ वर्षांची असल्यापासून मागचे पाय धरायचं काम माझं. कोणता मेंढा कामाचा, कोणती मेंढी माजावर आली, हे आमच्या घरात जेवताना सगळ्यांसमोर बोललं जायचं. माणसांविषयी यातला एकही शब्द मी घरात कधी ऐकलेला नव्हता.

मी चप्पल काढून बसले आणि पाय धरले. मेंढ्याने एकदा झटका दिला, मग ओळख पटल्यासारखा गप्प राहिला. वडिलांनी कापड खालून घेतलं.

“ह्याला इचारलं न्हाई मी,” ते म्हणाले. “कोन्त्याच जनावराला इचारत न्हाईत. पर तू मला इचारायचं व्हतंस, बाई.”

मी म्हटलं की मला लाज वाटली. माय मोठ्यानं वाचणार होती.

“तुज्या मायला कशाची लाज? तिनं माज्यासंगं किती अडलेल्या मेंढ्या सोडवल्यात. कोपरापोतर हात घालून.” त्यांनी एक गाठ मारली, ओढून बघितली. “कॅन्सर म्हनायला लाजली न्हाईस. पोरांनीबी ऐकला त्यो शबूद.”

 मेंढ्याच्या खुरांची माती माझ्या मनगटाला लागली होती. थोड्या वेळाने मी सांगितलं की डॉक्टरबाईंचं वाक्य अर्धं राहिलं होतं. त्या ‘पण’ म्हणाल्या होत्या आणि तुम्ही उठलात.

“पन काय?”

मला ते ठाऊक होतं. वहीत होतं. मी तोंड उघडलं तेवढ्यात त्यांनी हाताने थांबवलं.

“तू नको सांगू आता. तिच्याच तोंडानं ऐकतो. मायलाबी संगं घिऊ.”

दुसरी गाठ त्यांनी मला मारायला दिली. ती सैल होती. त्यांनी सोडून पुन्हा मारली.

आई नांदेडला हिरवं इरकल नेसून आली. लग्नाला जाताना नेसते ते. दवाखान्याच्या बाकावर ती पिशवी मांडीवर धरून बसली आणि येणाऱ्या-जाणाऱ्या प्रत्येकाचा आजार तिने चालण्यावरून ओळखायचा प्रयत्न केला. वडिलांनी तिला दोनदा गप्प बसवलं. तिसऱ्यांदा त्यांनी स्वतःच एका माणसाकडे बोट दाखवून हळूच काहीतरी विचारलं.

आत गेल्यावर वडील बसले आणि म्हणाले की मागच्या बारीला मी मधूनच उठलो, बाई, तेवढं पोटात घाला. डॉक्टरबाई म्हणाल्या की निम्मे पेशंट उठतात, परत येणारे कमी.

वडिलांनी तीन प्रश्न ठरवून आणले होते. ते बोटांवर धरले होते. पहिला, नुसतं बघत राहिलो तर. डॉक्टरबाईंनी सांगितलं की काही वर्षं काही होणार नाही असंही घडू शकतं, पण तुमच्या गाठीची प्रत बघता मी स्वतःच्या वडिलांना तो सल्ला देणार नाही. दुसरा, कापून काढलं आणि लघवी गळत राहिली तर किती दिवस. त्या म्हणाल्या की बहुतेकांची काही महिन्यांत थांबते. तुमची थांबेल का, हे आज कुणीच सांगू शकणार नाही, सर्जनही नाही. वडिलांना हे उत्तर आवडलेलं दिसलं. त्यांनी मान हलवली.

मग त्यांनी तिसरं बोट धरलं. आई पिशवीचा बंद सोडून पुन्हा बांधत होती.

“त्ये इंजेक्शन. त्ये सोडल्यावर परत येतं का?”

“बहुतेकांना येतं,” डॉक्टरबाई म्हणाल्या. “शेवटच्या इंजेक्शनाचा असर संपल्यावर काही महिन्यांनी. तुमच्या वयात हळू येतं, आणि काहींना पूर्ण येत नाही. खात्री मी देणार नाही. पण हे कायमचं नाही, आबा. हेच मी त्या दिवशी सांगत होते.”

वडिलांनी बोट सोडलं. ते आईकडे वळले. चेहऱ्यावर एखादं हरवलेलं जनावर दुसऱ्याच्या कळपात ओळखल्यासारखं काहीतरी होतं.

“खच्ची न्हाई ह्ये,” ते म्हणाले. “फडकं हाय.”

डॉक्टरबाईंना कळलं नाही. आईने त्यांना सांगितलं. छत्रीचं कापड, दोऱ्या, दिवाळी ते मृग, सगळं. हातांनी गाठ मारून दाखवली. डॉक्टरबाईंनी पेन खाली ठेवून ऐकलं, आणि फडकं बांधलेला मेंढा चिडतो का असं विचारलं. आई म्हणाली, “पयले आठ दिवस. मग इसरतो.” मग वडिलांकडे न बघता म्हणाली, “घ्या बांधून, मालक. मिरगाला बघू.”

वडील हसले नाहीत. त्यांच्या कानांच्या पाळ्या लाल झाल्या. पंचेचाळीस वर्षांत ते मी पहिल्यांदा बघितलं.

डॉक्टरबाईंनी इथे एक दुरुस्ती केली, आणि ती नोंदवायला हवी. फडकं सुटलं तरी शेकाचा स्वतःचा परिणाम राहू शकतो, तो हळूहळू, वर्षा-दोन वर्षांत दिसतो. म्हणजे मृगाला सगळं पहिल्यासारखं होईल असं समजून सही करू नका. वडील म्हणाले की समजलं. मेंढाबी दरसाल म्हातारा होतोच.

संमतीचा कागद चार पानांचा होता. नर्सने कुठे सही करायची तिथे पेन्सिलीने फुल्या केल्या होत्या. वडिलांनी कागद माझ्या हातात दिला आणि म्हणाले, “वाच. सगळं.”

आम्ही बाहेरच्या बाकावर होतो. समोर, बाजूला माणसं बसलेली. मी हळू आवाजात सुरू केलं. दुसऱ्या पानावर ती ओळ आली. ती माझ्यापेक्षा जास्त स्पष्ट शब्दांत लिहिलेली होती.

“आवाज चढव,” वडील म्हणाले. “मायला ऐकू येईना.”

मी आवाज चढवला. इच्छा कमी होणे अथवा नाहीशी होणे. लैंगिक क्षमतेवर परिणाम. अंगात उष्णतेचे झटके. स्तनांना सूज. लघवीचा त्रास. शेजारच्या बाकावर धोतर नेसलेले एक म्हातारे गृहस्थ स्वतःची फाइल घेऊन बसले होते. ते सरकत सरकत आमच्या बाकाच्या टोकाला आले. माझं पान संपल्यावर त्यांनी विचारलं की ताई, ती लघवीची ओळ परत वाचता का, आमच्या पोरानं आमाला निस्तं ‘सही करा’ म्हनलं. ती ओळ मी दोनदा वाचली. मग त्यांच्या फाइलमधला कागद मागून तोही वाचला. त्यात शेक नव्हता, ऑपरेशन होतं. वडिलांनी त्यांना विचारलं की नळीचं इचारलं का. त्यांनी विचारलेलं नव्हतं. वडिलांनी त्यांना नळीचं सांगितलं.

सही करायला वडिलांना वेळ लागला. ते आडनावाच्या शेवटच्या अक्षराला नेहमी एक जास्तीचं वळण काढतात. तेही काढलं. आईने विचारलं, “झालं?” ते म्हणाले, “ठरलं. झालं अजून कुठं.”

पहिलं इंजेक्शन तुळशीच्या लग्नाआधी दिलं गेलं. शेक दोन महिन्यांनी, संक्रांतीनंतर सुरू झाला. महिनाभर वडील सकाळच्या गाडीने नांदेडला जायचे, दुपारी परत यायचे. मशीनखाली जायच्या आधी पोटभर पाणी पिऊन लघवी रोखून धरायची असते, म्हणजे पिशवी ताणलेली राहते आणि शेक नेमका बसतो. चारही बांधांवर थांबणाऱ्या माणसाला हे सगळ्यात अवघड गेलं. एकदा मशीन अर्धा तास उशिरा सुरू झालं, तेव्हा ते कॉरिडॉरमध्ये उभ्या उभ्या पावलं आपटत होते आणि आई शेजारी बसून त्यांना पाण्याच्या सगळ्या गोष्टींची आठवण करून देत होती : ओढा, मोट, नळकोंडाळं. ते तिच्याशी घरी येईपर्यंत बोलले नाहीत. तिसऱ्या आठवड्यात जळजळ वाढली, शेवटच्या आठवड्यात ते थकले. कळपामागे जाणं त्यांनी पंधरा दिवस बंद ठेवलं. त्या पंधरा दिवसांत कोणी जायचं हे मात्र रोज सकाळी तेच ठरवत होते.

वाफा येणं फेब्रुवारीतच सुरू झालं होतं. होळीनंतर त्या वाढल्या. शेक संपल्यावरच्या पहिल्या तपासणीत पीएसए एकच्या खाली आला होता. तो कागद घेऊन मी एका रविवारी दुपारी घरी गेले. डॉक्टरबाईंनी सांगितलं होतं की हा आकडा बरा आहे, पण त्यात इंजेक्शनाचाही हात आहे. खरं काय ते इंजेक्शनाचा असर उतरल्यावर कळेल. या वेळी मी काही गाळलं नाही. उभ्याने सगळं वाचून दाखवलं. वडिलांनी विचारलं की म्हणजे मिरगानंतर. मी म्हटलं, त्याच्याही पुढे.

ते लिंबाखाली बाजेवर बसले होते. तेवढ्यात त्यांचा चेहरा लाल झाला, मानेवर घाम फुटला. त्यांनी बंडी काढून बाजूला टाकली. आतून कोणी भट्टी पेटवल्यासारखं होतं, ते म्हणाले, आणि मग एकदम थंडी वाजते.

आई घरातून बांबूचा पंखा घेऊन आली आणि बाजेच्या कडेला टेकून त्यांना वारा घालायला लागली. सवयीने, नजर दुसरीकडे ठेवून. बरं वाटतंय का, असं विचारलं नाही. वाफ किती वेळ टिकते हे तिला माहीत होतं.

“मला असंच व्हायचं,” ती म्हणाली. “पाळी गेली तवा. चार सालं. आठवतंय का? तुमी म्हनायचे, घरात घुसमटतंय तर भाईर जाऊन बस.”

 वडिलांनी घाम पुसला.

“मला म्हाईत न्हवतं,” ते म्हणाले.

“इचारलं कुठं व्हतं तुमी?”

तिच्या आवाजात राग नव्हता. पंखा त्याच वेगाने हलत होता. मी हातातला कागद फाइलमध्ये ठेवला. तो सत्तेचाळिसावा होता. अंगणाच्या कडेला मोठा मेंढा दाव्याला बांधलेला होता, त्याच्या पोटाखालचं काळं फडकं धुळीने करडं झालेलं.

वाफ उतरल्यावर वडिलांनी बंडी पुन्हा घातली. मग बाजेवर मागे सरकले, आईला नीट बसता येईल एवढी जागा केली आणि तिच्या हातातून पंखा घेतला. पहिले दोन-तीन वारे त्यांना जमले नाहीत, पंखा बाजेच्या कडेला लागत होता. मग त्यांनी हात जरा उंच धरला, दोघांना लागेल असा.